फ्रेंच मी, ग्रीक तो

माझ्या भावाचा डावा पाय गुडघ्याखालून कापायचा की नाही, हे मला दोन दिवसांत डॉक्टरांना सांगायचं होतं. डॉक्टर वयानं लहान, पण बोलायला सरळ. साखरेनं पाय आतून सडत चाललाय, म्हणाले. कापला तर माणूस बहुतेक वाचेल. नाही कापला तर विष अंगात चढेल, मग किती दिवस ते कुणीच सांगू शकत नाही. "काही पेशंट नको म्हणतात, तेही आम्ही मानतो," ते म्हणाले. "यांना विचारता आलं तर उत्तम. नाहीतर तुम्हालाच ठरवावं लागेल."

विचारणं हीच तर अडचण होती. चौदा महिन्यांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. वॉकरला धरून तो उभा राहायचा तो डाव्या पायावर, आणि साखरेनं धरला तो नेमका तोच. तरी मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, "मी विचारते. आमच्यात एक पद्धत आहे." एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेची ऐट. ती निवृत्त होत नाही.

पद्धत म्हणजे खरं तर एक खेळ होता. मी लोणावळ्यातल्या एका निवासी शाळेत तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आयटीआय करून फिटर झाला आणि एका एजंटामार्फत ग्रीक मालकाच्या जहाजांवर लागला. इंजिनखोलीत वीसेक वर्षं काढली, मधली दोन वर्षं तिकडच्याच एका गोदीत दुरुस्तीच्या कामावर होता. ग्रीक तो पुस्तकाशिवाय शिकला, जेवणाच्या टेबलावर आणि शिव्या खात. लग्न मी केलं नाही, त्यानंही नाही. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, आणि तो सुट्टीवर आला की बोलायला विषय फार नसत. तेव्हा हा खेळ मीच काढला.

मी मराठीत एका भावनेचं नाव घ्यायचं. मनात तीन आकडे मोजायचे. मग जे पहिलं डोक्यात येईल ते बोलायचं, मी फ्रेंचमध्ये आणि त्यानं ग्रीकमध्ये. विचार करायचा नाही, बदलायचं नाही. नंतर मी ते वहीत दोन रकान्यांत लिहून ठेवायची. आनंद म्हटलं की मी 'सोलेय' म्हणायची, म्हणजे सूर्य, आणि तो 'प्सोमी' म्हणायचा, म्हणजे पाव. भीती म्हटलं की मला 'न्वी' सुचायची, रात्र, आणि त्याला 'फोतिया', आग. इंजिनखोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार. दुःखाला माझे अश्रू, 'लार्म', त्याचा 'थालासा', समुद्र. सुटका या शब्दाला मी दार म्हटलं होतं. तो म्हणाला होता 'लिमानी', बंदर.

यातून मी एक सिद्धांतही काढला. फ्रेंच माणसाची भावना दुसऱ्या शब्दाला जाऊन चिकटते, ग्रीक माणसाची वस्तूला. एकदा स्टाफरूममध्ये मी हे मोठ्या तोऱ्यात मांडलं, फळ्यावर रकाने आखून. गणिताचे सर शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा फ्रेंच माणूस मावळातला आणि ग्रीक माणूसही मावळातला. तुलना नक्की कुणाची केलीत?" मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही.

झटक्यानंतर मी त्याला आठवड्यातून दोनदा तळेगावला वाचा-उपचारासाठी नेत असे. तिथली मुलगी हुशार होती. चित्रं दाखवायची, धीर धरायची. तो ओठ मिटून बसे. मला वाटे, याला समजत तरी असेल का काही. मग चौथ्या की पाचव्या महिन्यात, एका दुपारी, मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला धरून "पाणी. म्हण, पाणी," असं पन्नासदा घोकत असताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेरो."

नेरो म्हणजे पाणी. मी रडले. मोबाइलवर ग्रीक शब्दकोश उतरवून घेतला, जुनी वही काढली आणि रोज सकाळी दहा ते अकरा आमची शिकवणी सुरू झाली. मी मराठीत विचारायची, तो ग्रीकमध्ये एखादा शब्द टाकायचा. दिवसाला चार शब्द, कधी पाच. मी ते देवनागरीत उतरवून अर्थ शोधायची. तळेगावच्या मुलीला वही दाखवली तेव्हा ती खूश झाली, पण जपून म्हणाली, "मॅडम, अशा पेशंटची जीभ कधीकधी आधीच्याच शब्दावर अडकते. तोच शब्द पुढच्या प्रश्नालाही येतो. त्यातून फार अर्थ काढू नका." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, पोरी, तुला ग्रीक येत नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे मावशी. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कामाला येणाऱ्या बाईला मावशीच म्हणायचं असतं. बेडसे गावाच्या बाजूची, घरची थोडी भातशेती, मुलगा कंपनीत. सकाळी आठला यायची, संध्याकाळी सहाला जायची. त्याला पुसायची, कपडे बदलायची, भरवायची, पायाची पट्टी करायची. तिच्या तोंडाला खळ नसे. मी स्वयंपाकघरात असले की आतून तिचं बोलणं ऐकू यायचं, कुणाच्या बांधावरून कुणाची भांडणं, यंदा भात कसा आला. मधेच थांबायची, मग हसायची. भिंतीशी बोलते बिचारी, असं मला वाटायचं. मी खोलीत गेले की ती गप्प व्हायची. मला वाटायचं, माझा मान राखते.

डॉक्टरांनी दोन दिवस दिले त्याच्या आदल्याच दिवशी मावशीनं रजा मागितली होती. गावची जत्रा, चार दिवस. पाय कापावा लागेल असं डॉक्टर आधीपासून म्हणतच होते. निघताना दाराशी घुटमळली. "ताई, पायाचं काय ठरवायचं असंल तर मी आल्यावर ठरवा," ती म्हणाली. "जरा बोलायचं व्हतं." मला ते आवडलं नाही, खोटं कशाला सांगू. घरातल्या माणसाच्या पायाचा निर्णय पट्टी करणाऱ्या बाईला विचारून घ्यायचा का? मी म्हटलं, "तुम्ही आधी जत्रा करून या. जीप निघून जाईल." ती आतल्या खोलीकडे एकदा बघून गेली.

मग पहिल्या दिवशी सकाळी दहाला मी वही घेऊन बसले. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. पाय काढला तर काय, ठेवला तर काय. तो छताकडे बघत होता. मग मी नेहमीसारखे शब्द टाकले. भीती. तीन आकडे. "फोतिया." दुःख. "थालासा." सगळं वहीतल्यासारखं. मला हायसं वाटलं, म्हणजे डोकं जागेवर आहे. मग सुटका. "लिमानी." आणि मग मी म्हटलं, "पाय."

तीन आकडे होऊन गेले, दहा होऊन गेले. मग म्हणाला, "लिमानी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, त्याच क्रमानं, आणि पुन्हा तेच उत्तर आलं. मी दोन शब्द दोन रकान्यांत लिहिले आणि मधे रेघ ओढली. सुटका म्हणजे बंदर, पाय म्हणजे बंदर. दुखऱ्या पायातून सुटायचं आहे त्याला. जहाजाला किनाऱ्याला लागायचं आहे. इतकं स्पष्ट, इतकं सुंदर. मला त्या क्षणी त्याचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त स्वतःचा. दवाखान्यात मी सहीच्या आधी डॉक्टरांना म्हणाले, "त्याचीही संमती आहे." ते म्हणाले, "बोलले?" मी म्हटलं, "आमच्या पद्धतीनं."

मावशी जत्रेहून परतली ती थेट दवाखान्यात आली, हातात खोबऱ्याचा प्रसाद. पलंगाजवळ गेली. चादर जिथं एकदम खाली बसली होती तिथं तिनं बघितलं, मग हात लावून बघितला. तो झोपेच्या औषधात होता.

"पाय कुटं हाय?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. विष चढलं असतं, इलाज नव्हता, त्यालाही तेच हवं होतं.

"भाऊंना नको व्हता कापायला," ती म्हणाली. "मला म्हनले व्हते. पाय न्हाई द्यायचा. पाय हाय तवर एकदा गावाला न्या, वावरात उभं करा. मंग मेलो तरी चालंल."

मी विचारलं, "म्हणाले म्हणजे? खुणेनं?"

"तोंडानं."

"कधी?"

"रोजच बोलत्यात की, ताई."

"कोणत्या भाषेत?" हा प्रश्न मी खरोखर विचारला. आज तो लिहितानाही लाज वाटते.

"आपल्याच," मावशी म्हणाली. "आमच्या गावाकडं बोलत्यात तसं. आडखळत बोलत्यात, पर कळतं."

तिला हे आधी सांगता आलं असतं, असं मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. परिचारिकेनं आत डोकावून बघितलं. मावशी हळू आवाजात म्हणाली की भाऊंनी तिला शपथ घातली होती, ताईला सांगायचं नाही. तरी जत्रेला जाताना ती शपथ मोडून सांगणार होती. आणि मी तिला जीपची वेळ सांगितली होती.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी पायांतल्या चपला काढून त्याच्या दाराबाहेर उभी राहिले. मावशी आत पट्टी बदलत होती. आणि मी त्याचा आवाज ऐकला. चौदा महिन्यांत असा सलग बोलताना ऐकला नव्हता तो, खरखरीत, तुटक, पण त्याचाच. "मावशे, लय दुकतंय." ती म्हणाली, "कुटं?" तो म्हणाला, "हितं. खाली. आंगठा." अंगठा आता नव्हता. मी दार ढकलून आत गेले. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले आणि डावा हात, त्याचा चालणारा तो एकच हात, चादरीखाली ओढून घेतला. मग म्हणाला, "नेरो."

तो हात तसा ओढून घेतलेला मी पूर्वी पाहिला होता. आम्ही गावाहून लोणावळ्यात आलो, वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, होते म्हणून. तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी पंधराची. मी शाळेतल्या मुलींचं ऐकून ऐकून पुणेरी बोलायला लागले होते. तो वर्गात "मला न्हाई ठावं" म्हणाला आणि पोरं हसली, गुरुजीही हसले. आई मला म्हणाली, याचं बोलणं सुधार. मी सुधारलं. संध्याकाळी समोर बसवायची, डावा हात पुढे करायला लावायची कारण उजव्यानं लिहायचं असतं, आणि प्रत्येक 'न्हाई'ला, प्रत्येक 'लय'ला, प्रत्येक 'हितं'ला बोटांवर एक लाकडी पट्टी. चार महिन्यांत पोरगं असं सुधारलं की बाहेरच्याला गाव विचारावं लागे. माझ्या शिकवण्याची सुरुवात तिथून झाली, असं मी पुढं निवृत्तीच्या भाषणातही सांगितलं होतं. लोक हसले होते. तोही पहिल्या रांगेत बसून हसला होता.

झटक्यानं त्याचं नंतर शिकलेलं सगळं नेलं. माझी मराठी नेली. उरली ती आईच्या कडेवरची, आणि ती माझ्यासमोर काढायची चोरी. ग्रीकचे चार शब्द तळाला कुठंतरी राहिले होते. ते तो मला द्यायचा, कारण ग्रीकमध्ये मला चूक काढता येत नव्हती. भीती म्हटलं की फोतिया, दुःख म्हटलं की थालासा, हे त्याच्या मनातलं नव्हतंच. तो पाठ केलेला धडा होता, बाई खूश होतात म्हणून म्हणून दाखवलेला. आणि 'पाय' या शब्दाला त्याच्याकडे धडा नव्हता. म्हणून त्यानं आधीचाच शब्द पुन्हा दिला, तळेगावची मुलगी म्हणाली होती तसा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर ग्रीसला वळसा घालून आले, आणि येताना भावाचा पाय देऊन आले.

तरी मी मावशीला विचारलंच, "मला का सांगायचं नाही म्हणाले?" ती पट्टीचा कापूस गोळा करत होती. तिला सांगायचं नव्हतं, पण मी दारात उभी होते, जाऊ देणार नव्हते.

"ती मारती, म्हनत्यात," मावशी म्हणाली.

मी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी त्याच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "लय दुकतंय का रं?" छप्पन वर्षांत हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. नाटकातल्या गावंढळ बाईसारखे निघाले, माझे मलाच खोटे वाटले. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ही कसली नवी परीक्षा, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मी पुन्हा म्हटलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग मी थांबले. काही पापं निस्तरायला गेलं की वाढतात.

गावाला आम्ही त्याला नेलं. मावशीच्या मुलानं गाडी काढली. आमचं वावर आता चुलत्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी हरकत घेतली नाही. पण उभं कशावर राहायचं? खुर्ची बांधावर ठेवली, तो खाली चिखलाकडे बघत बसला. मी गाडीतच थांबले, मावशीनंच तसं सुचवलं. अर्ध्या तासानं परत आणलं. तो काय बोलला ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता घरात असं चालतं. मी खोलीत जात नाही. मला त्याला काही विचारायचं असलं, भात की खिचडी, खिडकी उघडू की नको, तर मी मावशीला सांगते आणि ती आत जाऊन विचारते. मी स्वयंपाकघरात बसते. दार लावलेलं नसतं. त्याला वाटत असावं की मला ऐकू येत नाही, या वयात. त्याचं बोलणं आता बरंच सुधारलंय. एक तळेगावची मुलगी सोडली तर ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तिनं ऐकून माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला तो काढून घ्यावासा वाटला.

गेल्या आठवड्यात मी मावशीला म्हटलं, "एक विचाराल का माझ्यासाठी? पाय कापायला सही मी केली. त्याचा माझ्यावर राग आहे का, तेवढं विचारा."

मावशी म्हणाली, "कशाला, ताई?"

मी म्हटलं, "विचारा."

ती आत गेली. मी डाळ निवडत होते, हात थांबवला. तिनं चादर नीट केली, उशी वर केली, मग विचारलं, "भाऊ, ताई इचारत्यात. पाय कापला म्हनून राग हाय का त्यांच्यावर?"

मग त्याचा आवाज आला, हळू, पण एकेक शब्द स्वच्छ.

"न्हाई म्हन. न्हाईतर दुसरा बी न्हील."

मावशी बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिनं ओट्यावरचा पेला उचलला, विसळला, पालथा घातला.

"राग न्हाई म्हनले," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं आणि डाळ धुवायला उठले.